चौदा करार आणि पॅकिंगच्या टेबलावरच्या सहा मुली

पत्र

ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे अन्नप्रक्रियेचं बी.व्होक., म्हणजे व्यवसाय शिक्षणाची पदवी, आहे आणि त्याचा समन्वयक मी आहे. फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या वर्षाच्या सहा मुलींना आम्ही एका डेअरी प्लँटमध्ये तीन महिन्यांच्या ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला, पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांना लॅब दाखवली. दुसऱ्या दिवसापासून श्रीखंडाच्या डब्यांना झाकणं लावायची आणि डबे खोक्यात भरायचे, एवढंच काम. दीड महिन्यानं दोघी घरी बसल्या. त्यांतल्या एकीचे वडील कॉलेजवर आले आणि म्हणाले, "सर, पोरीला डबेच भरायला लावायचे होते तर फी कशाला भरली? आमच्या शेजारची दहावी नापास पोरगी तेच करते, आणि तिला हजेरी मिळते." मला मान वर करता येईना.

कंपनीच्या एचआरना फोन केला. ते म्हणाले, "तुमच्या मुलींना काही येत नाही. आम्ही शिकवत बसलो तर प्लँट कोण चालवणार?" इकडे प्राचार्य म्हणतात, नॅकची समिती कॉलेजच्या मूल्यांकनाला येण्याआधी कंपन्यांबरोबरच्या आपल्या चौदा एमओयूंचे, म्हणजे सामंजस्य करारांचे, वीस करा. ताई, मी मुलींना पाठवणं बंद करू का? की कंपनीला शिकवायला लावण्याचा काही मार्ग आहे?

— एक समन्वयक, सांगली जिल्हा


उत्तर

सर, नमस्कार.

त्या वडिलांपासून सुरुवात करते, कारण ते बरोबर बोलले आणि तुम्हीही ते मनात मान्य केलंत. म्हणून तर मान वर झाली नाही. पॅकिंगच्या कामात कमीपणा काहीच नाही. डब्याचं सील कुठून सुटतं, बॅच नंबर आणि तारीख चुकली तर केवढा माल परत येतो, वजन दोन ग्रॅमनं कमी भरलं तर काय होतं, हे सगळं त्या टेबलावरच कळतं. पण ते कळायला आठवडा पुरतो. तिथून पुढचे अकरा आठवडे मुली शिकत नव्हत्या, त्या बिनपगारी हजेरीवर होत्या.

आता तारखेकडे बघा. तुम्ही मुली पाठवल्यात फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे ऐन पाडव्याच्या तोंडावर. वर्षभरात श्रीखंडाला सगळ्यात मोठी मागणी असते ती याच दिवसांत. त्या आठवड्यांत कुठल्याही डेअरीच्या पॅकिंग हॉलमध्ये जा, सुपरवायझर माणसं शोधत फिरत असतो. त्याच्या दारात सहा धडधाकट, शिकलेल्या, उलट न बोलणाऱ्या मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यानं काय केलं असतं असं तुम्हाला वाटतं? कंपनीचा हेतू वाईटच होता असं मी म्हणत नाही. पण तिची गरज आणि तुमची तारीख नेमकी जुळली आणि त्यात शिक्षण गेलं. पुढच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारा: "तुमच्याकडे कामाची ओढाताण कमी असते ते महिने कुठले?" सेमिस्टरचं वेळापत्रक त्याप्रमाणे हलवता येत असेल तर हलवा. विद्यापीठाला पत्र लिहावं लागेल, ते लिहा.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगते, कारण त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी स्वतः उभी होते. तंत्रनिकेतनात शिकवायला जाण्याआधी सोळा वर्षं मी एका डेअरीच्या गुणवत्ता विभागात काढली. मी नवीन असताना पदविकेची चार मुलं आमच्याकडे प्रशिक्षणाला आली. मी त्यांना महिनाभर काचेचं सामान धुवायला लावलं आणि लेबलं चिकटवायला लावली. पहाटे टँकर यायचे, आठ वाजेपर्यंत सगळे नमुने लागायचे, एक नमुना नजरेतून सुटला तर अख्खा सायलो, म्हणजे दुधाची मोठी टाकी, नासायचा. त्या मुलांना शिकवायला मला कुणी तासभरही मोकळा दिला नव्हता. माझ्या दिवसाच्या कामात त्यांची नोंदच नव्हती. शेवटी त्यांच्या प्रमाणपत्रांवर 'प्रशिक्षण समाधानकारक' असं लिहून सही केली ती मीच. ती सही मला आजही बोचते.

त्या चौघांतला एक मात्र शिकून गेला. दुपारच्या सुट्टीत तो डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेतात तिथं, जाऊन बसायचा. तिथं आमचे एक जुने काका होते. शिक्षण सातवीपर्यंत, पण कॅनचं झाकण उघडून नाकाशी नेलं की दूध घ्यायचं की परत पाठवायचं हे सांगायचे, आणि नंतर लॅबची चाचणीही तेच सांगायची. त्यांनी त्या मुलाला आधी वास ओळखायला शिकवलं: आंबूस वास कुठला, गोठ्याचा कुठला, कॅन नीट न धुतल्याचा कुठला. मग नमुना उकळून दूध फाटतं का ते बघायला. मग फॅट तपासायची बाटली लावायला. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्यांना शिकवायला आवडायचं म्हणून. पुढच्या वर्षी तो मुलगा आमच्याकडेच नोकरीला लागला.

सर, तुमच्या चौदा करारांमधलं नेमकं काय निसटलंय ते इथं आहे. करारावर कंपनीची सही असते, पण शिकवतो तिथला कुणीतरी एक माणूस. त्या माणसाचं नाव तुमच्या चौदांपैकी किती करारांत आहे? आठवड्यातले किती तास त्याला या कामासाठी मोकळे ठेवलेत, हे कुठं लिहिलंय? मी असे करार पुष्कळ वाचलेत. 'उभय पक्ष परस्पर सहकार्य करतील' हे वाक्य सगळ्यांत असतं. मुलगी सकाळी गेटवर आली की तिनं कुणाकडे जायचं, हे मात्र कशातच नसतं.

जर्मनीचं नाव या बाबतीत सारखं घेतलं जातं, म्हणून तिथलं नेमकं काय घ्यायचं ते सांगते. तिथं उमेदवार आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कंपनीत शिकतो, हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण खरी ताकद त्यांच्या १९६९च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यातल्या एका साध्या तरतुदीत आहे: शिकाऊ उमेदवाराला प्रशिक्षणाच्या हेतूला धरून असलेलीच कामं देता येतात. आणि कंपनीत त्याला शिकवणाऱ्याला शिकवता येतं की नाही, याची वेगळी परीक्षा असते. चांगला कारागीर आहे एवढ्यावर तिथं भागत नाही. आपल्याकडच्या डेअरीत असा परीक्षा दिलेला माणूस तुम्हाला मिळणार नाही. पण शिकवायची आवड असलेला माणूस जवळजवळ प्रत्येक प्लँटमध्ये असतो, आणि तो एचआरच्या केबिनमध्ये नसतो. तुम्ही आजवर भेटलात ते एचआरना. आता डॉकवर जा, लॅबमध्ये जा, दूध तापवून जंतू मारणाऱ्या पाश्चरायझरच्या पॅनलपाशी जा. दोन-तीनदा जावं लागेल. नवख्या पोराला कोण ओरडतो आणि कोण हात धरून दाखवतो, ते तासाभरात दिसतं. तो माणूस सापडला की प्लँट मॅनेजरला भेटा आणि करारात त्याचं नाव घाला. आठवड्याचे तीन तास त्याच्या ड्यूटीतून मोकळे ठेवा असं मागा. तीनच मागा, पण लिहून घ्या. त्या माणसाला कॉलेजकडून अतिथी प्रशिक्षक म्हणून पत्र द्या, जमेल तेवढं मानधन द्या, वर्षातून एकदा वर्गात बोलवा. सातवी शिकलेल्या काकांना कॉलेजच्या फळ्यापुढं उभं करा. मुलींना त्यातून काय मिळेल ते पुस्तकात नाही.

दुसरं, एक कागद तयार करा. सोप्या मराठीत, एकाच पानाचा, मुलीला, तिच्या वडिलांना आणि सुपरवायझरला सारखाच कळेल असा. त्यावर आठवड्यांची कामं लिहा. पहिले दोन आठवडे डॉक: नमुना कसा घ्यायचा, दूध ढवळल्याशिवाय का घ्यायचा नाही, लॅक्टोमीटर, वास, उकळून बघणं. पुढचे तीन आठवडे लॅब: गर्बर पद्धतीनं फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन पदार्थ, आम्लता. मग पाश्चरायझर, मग प्लँटची आतून धुलाई म्हणजे सीआयपी, आठवडाभर पॅकिंग, आठवडाभर कोल्ड स्टोअर आणि डिस्पॅच. शेवटचे तीन आठवडे कंपनीनं सांगितलेला एक खरा प्रश्न घेऊन त्यावर काम. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मुलीला काय करून दाखवता आलं पाहिजे ते लिहा. 'माहिती असणे' हे शब्द त्या कागदावर नकोत, 'करून दाखवणे' हवेत.

तुम्ही स्वतः दर आठवड्याला जा आणि तिथंच उभं राहून एखादा प्रश्न विचारा. पाश्चरायझरपाशी विचारा, "दूध बहात्तर अंशाला पंधरा सेकंद तापायला हवं. समजा पॅनलवर एकाहत्तर दिसले, तर ते दूध कुठं जाईल?" जी मुलगी झडपेकडे बोट दाखवून सांगेल की इथून ते मागे वळतं आणि पुन्हा तापायला जातं, ती शिकली. जी म्हणेल, "सर, आम्हाला त्या बाजूला जाऊ देत नाहीत," तिचं उत्तर त्याच दिवशी प्लँट मॅनेजरपर्यंत न्या. महिना संपायची वाट पाहू नका. दीड महिना गेल्यावर तुम्हाला कळलं ते एका वडिलांकडून, सर. हे तुम्हाला लागेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही गेला असता तर दोन मुली घरी बसल्या नसत्या.

आता एचआरच्या त्या वाक्याकडे वळू, "तुमच्या मुलींना काही येत नाही." तुम्हाला त्याचा राग आला असणार. पण त्यात तथ्य किती, हे तपासल्याशिवाय ते बाजूला टाकू नका. तंत्रनिकेतनात माझ्या मुलांना जैवरसायनशास्त्राची व्याख्या पाठ असायची, पण सहा टक्के फॅटचं म्हशीचं दूध आणि अर्धा टक्का फॅटचं स्किम दूध मिसळून तीन टक्क्यांचं टोण्ड करायला दोन्ही किती घ्यायचं, हे विचारलं की वर्ग गप्प. हा हिशोब प्लँटमध्ये रोज होतो. चौकोन काढायचा, डावीकडच्या कोपऱ्यांत सहा आणि अर्धा, मध्ये तीन लिहायचे, तिरकी वजाबाकी करायची: म्हशीचं अडीच भाग, स्किम तीन भाग. दहा मिनिटांचं काम. ज्या मुलीला हे येतं तिला पॅकिंगला लावताना सुपरवायझर दोनदा विचार करतो, कारण ती त्याच्या उपयोगाची असते.

म्हणून मुलींना पाठवण्याआधी पंधरा दिवस कॉलेजमध्ये फक्त तयारी घ्या: असे हिशोब, लॉगबुक भरणं, थर्मामीटर आणि तराजू वाचणं, आणि चूक झाली तर ती लपवायची नाही, लगेच सांगायची ही सवय. तयारीत काय घ्यायचं हे त्या डॉकवरच्या माणसालाच विचारा. तो पाच गोष्टी सांगेल. त्यातल्या तीन तुमच्या अभ्यासक्रमात नसतील. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, बी.व्होक.च्या रचनेत साठ टक्के श्रेयांक कौशल्याचे आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचे असतात, म्हणजे या गोष्टी बसवायला जागा पुष्कळ आहे. अभ्यास मंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी असावा ही अपेक्षाही त्याच रचनेत आहे. तिथं मोठ्या हुद्द्याच्या व्यवस्थापकापेक्षा रोज प्लँटवर असणारा शिफ्ट इनचार्ज बसवा.

कायद्याचं थोडं सांगते, कारण इथं बऱ्याच समन्वयकांची गफलत होते. ओजेटीला गेलेली विद्यार्थिनी आणि ॲप्रेंटिस, म्हणजे कायद्यानं नोंदलेली शिकाऊ उमेदवार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली करार झाला आणि सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेला की मुलीला किमान विद्यावेतन मिळतं. २०१९च्या नियमांत ते शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरलं होतं. २०२५ मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेनं ते ६,८०० ते १२,३०० करावं अशी शिफारस केली. सध्याचा आकडा पोर्टलवरून घ्या. ॲप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तिला ओव्हरटाइम लावता येत नाही, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते आणि तिच्या प्रगतीची नोंद कंपनीला ठेवावी लागते. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारकच आहे. म्हणजे प्लँट मॅनेजरकडे जाल तेव्हा तुम्ही उपकार मागत नसता, त्याचं एक कायदेशीर काम सोपं करून देत असता. शिवाय २०१६ पासूनच्या राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजारांपर्यंत, सरकार उचलतं. अनेक मध्यम कंपन्यांनी पोर्टलची कटकट नको म्हणून हे सोडून दिलेलं असतं. ते भरून द्यायला तुमच्या कॉलेजातला एक माणूस पुरेसा आहे.

ओजेटीला गेलेल्या मुलीला यातलं कुठलंच संरक्षण आपोआप मिळत नाही. फॅट लावताना तिच्या हातात दहा मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल असतं, सर. चष्मा आणि हातमोजे कुणी द्यायचे, विमा कुणाचा, हे करारात नसेल तर मुलीला गेटच्या आत सोडू नका. दुसऱ्या वर्षी तीन महिन्यांची ओजेटी ठेवा आणि तिसऱ्या वर्षी रीतसर ॲप्रेंटिसशिप जोडा. ती अभ्यासक्रमातच गुंफण्याची सोय यूजीसीनं २०२० मध्ये करून दिली आहे. हे एका सत्रात होणार नाही, दोन वर्षं धरून चाला.

आणि एसटी. हा विषय कुठल्याच कार्यशाळेत निघत नाही, आणि मुली घरी बसतात त्या मुख्यतः यामुळे. दुसऱ्या पाळीतून सुटल्यावर गावाकडची शेवटची गाडी गेलेली असते. कंपनीची बस कुठल्या फाट्यापर्यंत येते, तिथून घरापर्यंत काय, हे सहाही मुलींचं वेगवेगळं लिहून घ्या. मुलींना कामाची पहिलीच शिफ्ट मिळेल असं करारात घाला. आणि ओजेटी सुरू होण्याआधी एक रविवार पालकांना प्लँट दाखवा. आईलाही बोलवा, फक्त वडिलांना नको. मुलगी कुठं बसते, डबा कुठं खाते, कपडे कुठं बदलते हे आईनं डोळ्यांनी पाहिलं की अर्धी लढाई घरातच संपते. आमच्या तंत्रनिकेतनात हा रविवार ठेवायला लागल्यापासून मधेच सोडून जाणाऱ्या मुली फार कमी झाल्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मोठ्या प्लँटच्या मागं एवढं का लागायचं, हेही मला विचारायचंय. तुमच्या जिल्ह्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत, हळदीच्या गिरण्या आहेत, गुऱ्हाळं आहेत, गावोगाव दूध संकलन आणि चिलिंग सेंटर आहेत. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान घेऊन उभे राहिलेले मसाल्याचे, पापडाचे, लोणच्याचे छोटे उद्योग आहेत. त्यांच्याकडे शिकलेलं माणूस नाही. लेबलवर काय छापायचं, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेकडची नोंदणी कशी जपायची, हळदीत ओलावा किती चालतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवंय. तिथं तुमची मुलगी दुसऱ्या आठवड्यापासून कामाची असते. आणि तिथं ती एकच काम करत बसत नाही, कारण एकच काम करण्याइतकी माणसंच तिथं नसतात. एक छोटा उद्योग तीन महिने सगळं शिकवू शकणार नाही, म्हणून चार उद्योगांचा गट करा आणि मुलींना तीन-तीन आठवडे फिरवा.

ही गटाची कल्पना माझी नाही. कम्युनिटी कॉलेज हा प्रकार अमेरिकेतला, पहिलं १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. आपल्या यूजीसीनं बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेज आणि बी.व्होक. आणलं ते त्याच धर्तीवर. तिथल्या केंटकी राज्यात जॉर्जटाउनला टोयोटाचा कारखाना आहे. त्यांना यंत्रं दुरुस्त करणारी माणसं मिळेनात, म्हणून २०१० मध्ये त्यांनी जवळच्या ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजबरोबर एक अभ्यासक्रम बसवला: आठवड्यातले दोन दिवस कॉलेज आणि तीन दिवस कारखान्यात पगारी काम. मग आसपासच्या दुसऱ्या कंपन्याही त्यात आल्या आणि आपापली मुलं पाठवू लागल्या. २०२० मध्ये त्याचा अभ्यास झाला तेव्हा दर दहांपैकी सुमारे आठ विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करतात असं दिसलं. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांच्या मानानं हे प्रमाण फार मोठं आहे. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की कंपनी पहिल्या दिवसापासून पगार देत होती. ज्याला आपण पैसे मोजतो त्याला कुणी डबे भरायला बसवून ठेवत नाही, त्याच्याकडून जास्त किमतीचं काम करून घेतलं जातं, आणि त्यासाठी त्याला शिकवावंच लागतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की विद्यार्थ्यांत मुली आणि कृष्णवर्णीय फार थोडे होते. उमेदवारांची निवड कंपनीच्या हाती गेली की ती आपल्यासारखीच मुलं निवडते. तुमच्याकडे निवड कॉलेजच्या हातात ठेवा.

अमेरिकेचं उदाहरण दिलं खरं, पण तुम्ही बसलाय ती भूमी 'कमवा आणि शिका'ची आहे. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणून. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबायची, पण राबणं हे शिकण्यासाठी होतं. आज एमआयडीसीच्या फाट्यावर 'कमवा आणि शिका'चे बोर्ड दिसतात आणि आत गेलं की बारा तासांची पाळी असते, शिकण्याचा तास नसतो. ते बघून मला फार वाईट वाटतं. तुमच्या प्रयोगाला ते नाव द्याल तर दुसरा शब्द आधी जपा.

कंपनीला काय द्यायचं, याचाही विचार करा. आपण नेहमी मागायलाच जातो. अन्नसुरक्षेच्या फोस्टॅक या सरकारी प्रशिक्षण व्यवस्थेत दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा लागतो. ते प्रशिक्षण तुमच्या कॉलेजात भरवा, त्या मसालेवाल्यांना आणि डेअरीवाल्यांना बोलवा. सुट्टीत तुमची लॅब बंद असते, तेव्हा छोट्या उद्योगांना रोजच्या तपासण्या शिकवा. ज्यांना सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त लॅबचा अहवाल लागतो त्यांना तो तुम्ही देऊ शकणार नाही, पण तो अहवाल वाचून त्याचा अर्थ सांगू शकता. जो उद्योजक दोनदा तुमच्या लॅबमध्ये येऊन गेला, त्याच्याकडे मुलगी पाठवताना एमओयूची भाषा लागत नाही.

प्राचार्यांशी कसं बोलायचं? सरळ नॅकचीच नियमपुस्तिका पुढं ठेवा. तिथं मोजले जातात ते कार्यरत करार. चौदांपैकी गेल्या वर्षी किती करारांखाली काही घडलं, हे विचारलं की उत्तर किती येईल ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना सांगा, वीस नकोत, या वर्षी दोन करू: एक डेअरी आणि एक छोट्या उद्योगांचा गट. प्रत्येकाची वही असेल, मुलींच्या रोजनिशी असतील, शिकवणाऱ्याचं नाव असेल, विद्यावेतनाच्या नोंदी असतील. नॅकच्या समितीसमोर ठेवायला यापेक्षा भक्कम काय हवं? ते ऐकतील असं वाटतं. नाही ऐकलं तर ते वीस करार त्यांना करू द्या, तुम्ही हे दोन चालवा.

आणि पाठवणं बंद करू का, याचं उत्तर. या कंपनीत, याच अटींवर, हो, बंद करा. पण तसं कळवण्याआधी प्लँट मॅनेजरना एकदा समोरासमोर भेटा. सहा मुलींच्या रोजनिशी घेऊन जा. रोजनिशी नसतील तर मुलींकडून आठवून लिहून घ्या, रोज काय केलं ते. शब्द वाढवू नका, तक्रारीचा सूर नको. तीन महिन्यांची पानं 'झाकणं लावली, खोकी भरली' एवढ्याच शब्दांनी भरलेली त्यांच्या टेबलावर ठेवा आणि माझ्या पत्रातला तो एक पानी कागद त्यांच्यापुढं सरकवा. शिकवायला माणूस आणि तीन तास देत असतील तर पुढच्या वर्षी दोन मुली पाठवा. सहा नकोत. देत नसतील तर चहा घेऊन परत या.

राहिल्या त्या दोघी. त्यांच्या घरी या आठवड्यातच जा, आणि शक्य असेल तर एखाद्या शिक्षिकेला बरोबर न्या. वडिलांना सांगा की तुमचं म्हणणं खरं होतं. हे तुमच्या तोंडून ऐकण्याचा त्यांना हक्क आहे. मुलींचे झालेले तास मोजून घ्या, वाया जाऊ देऊ नका. उरलेले तास त्यांच्या गावाजवळच्या एखाद्या चिलिंग सेंटरवर भरून घेता येतात का, यासाठी विद्यापीठाच्या संबंधित कक्षाला लेखी विचारा, आणि त्या सेंटरवर फॅट कोण लावतं ते आधी स्वतः बघून या. तो माणूस शिकवणारा निघाला तर सोमवारपासून दोघींना तिथं पाठवा. बाकीच्या चौघींनाही विचारा, त्यांनाही यायचं असेल.